ही फाईल कोणाची?

माझ्या पगाराच्या पावतीवर हुद्दा छापलेला असायचा ‘समन्वयक’. २००३ ते २०२४ या एकवीस वर्षांत त्या हुद्द्याने मी मुख्यतः एकच प्रश्न विचारला : ही फाईल कोणाची? सुरुवातीला सीडीवरचं मार्करने लिहिलेलं अक्षर ओळखून, मग पेनड्राइव्हला बांधलेल्या दोऱ्याचा रंग बघून, आणि शेवटची दहा-बारा वर्षं ड्राइव्हवरच्या कागदाच्या समासात. उत्तर मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो या शेवटच्या काळात. का, ते सांगावंसं वाटतं.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. काम भाषांतराचं आणि डीटीपीचं. औषधांची माहितीपत्रकं, सहकारी बँकांचे अर्ज, वार्षिक अहवाल, मिक्सरच्या खोक्यातली चोपडी, असं सगळं इंग्रजीतून मराठी, हिंदी, गुजरातीत करून द्यायचं. ऑफिसात माणसं नऊ, पण कामाला हात लागायचे पंचवीस-तीस जणांचे. भाषांतर करणाऱ्या एक निवृत्त बाई बोरिवलीला, गुजराती तपासणारे काका मुलुंडला, पानं लावणारी मुलं घाटकोपर पश्चिमेला. कारण तिथे मालकांच्या नात्यातली एक खोली रिकामी होती. मजकूर अंधेरीला यायचा, बोरिवलीला जायचा, घाटकोपरला पानात बसायचा, मुलुंडला तपासला जायचा आणि पुन्हा अंधेरीला. मी मुलुंडची, त्यामुळे मध्य रेल्वेच्या बाजूने या पालखीची भोई मीच.

घाटकोपरहून अंधेरीला जायला तेव्हा ३४० नंबरची बस. साकीनाक्याला ती अशी काही रुतायची की माझं निम्मं वाचन त्या सिग्नलला झालं. मेट्रो सुरू झाली ८ जून २०१४ ला. वर्सोवा ते घाटकोपर, बारा स्टेशनं, वीस-बावीस मिनिटं. गंमत अशी, की गारेगार डब्यातून फायली नेण्याची सोय झाली तोवर फायली हातात नेण्याचे दिवस संपत आले होते.

हातात नेण्याच्या दिवसांतली एक सीडी मात्र विसरता येत नाही. २६ जुलै २००५. घाटकोपरहून एका बँकेचा वार्षिक अहवाल सीडीवर घेऊन मी दुपारी बसमध्ये बसले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर कळलं. तेव्हा इतकंच कळत होतं की बस हलत नाही आणि पाणी पायरीवर आलंय. उतरले. सीडी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत, पिशव्या पर्समध्ये, पर्स डोक्यावर. रात्री साडेनऊला चकाल्याला पोचले. दोन रात्री ऑफिसातच, टेबलं जोडून झोपलो. वीज आल्यावर सीडी लावली. ती कोरडी ठाक होती, उत्तम चालत होती, आणि जुनी होती. ताळेबंदातल्या शेवटच्या दुरुस्त्या तिच्यात नव्हत्याच. फोन लागायला लागल्यावर घाटकोपरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही नेली ती फायनल. फायनल-फायनल इथेच राहिली ना.”

ड्रॉपबॉक्स आमच्याकडे आलं २०१० मध्ये, मालकांच्या परदेशातल्या भाच्याच्या सांगण्यावरून. दोन जीबी फुकट. पहिल्या दिवशी सगळे माझ्या खुर्चीमागे उभे. मी घाटकोपरला फोन लावला, “कर सेव्ह.” अर्ध्या मिनिटात फाईल चकाल्याला उमटली. मालकांनी पेढे आणवले. मला त्या पेढ्यांपेक्षा साकीनाक्याचा सिग्नल सुटल्याचा आनंद जास्त होता.

तीन आठवड्यांनी एका सकाळी सगळ्यांच्या यंत्रांवरचं ते फोल्डर रिकामं. घाटकोपरच्या एका ऑपरेटरची डिस्क भरली होती. “आपल्याकडची प्रत उडवतो, अंधेरीला आहेच” असं म्हणून त्याने सगळं डिलीट केलं. त्यात त्याची चूक काय होती? आजवर प्रत म्हणजे प्रतच असायची. तुझ्याकडे एक, माझ्याकडे एक. सोसायटीत राहणाऱ्या माणसाला कळतं, की नळाची तोटी घरोघरी असली तरी टाकी गच्चीवर एकच आहे. फायलींचीही टाकी झाली आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम समन्वयकाचं होतं, आणि समन्वयक पेढे खात होती. डिलीट केलेलं तीस दिवसांपर्यंत परत आणता येतं हे त्या दिवशी घाम पुसत शिकलो.

मराठीत काम करणाऱ्या ऑफिसांची एक अडचण इंग्रजीवाल्यांना कळायची नाही. आमच्या जुन्या फायली श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये. ते सॉफ्टवेअर चालायला यंत्रामागे एक डोंगल खोचावं लागे. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली की ‘अर्जदाराचे नाव’ या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. म्हणजे मजकूर यंत्राला दावणीला बांधलेला. तो ढगात पाठवायचा तर आधी युनिकोड हवं. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ मध्येच मिळाली होती, पण आमची मुलं पानं लावायची पेजमेकरमध्ये आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. मग काही वर्षं अशी गेली, की भाषांतर युनिकोडमध्ये, पानं जुन्या फॉन्टमध्ये, आणि मधे एक कन्व्हर्टर. त्या कन्व्हर्टरला मराठीचा ‘ऱ्य’ झेपत नसे. हॉटेलांच्या स्वच्छतेवरच्या एका पुस्तिकेत ‘आचाऱ्यांनी डोक्याला टोपी घालावी, नखे कापलेली असावीत’ असं वाक्य होतं. छापखान्यात जाण्याआधी मुलुंडच्या काकांनी फोन केला. ते तपासायचे गुजराती, पण मराठीवरही नजर टाकायचे. म्हणाले, “बेन, आ आचार्यांची नखं कापायला तुमच्याकडे कोण जाणार?”

गुगल डॉक्सवर सगळ्यांना आणलं ते मी, आणि सगळ्यात जास्त विरोध झाला तो बोरिवलीच्या बाईंचा. शाळेत उभी हयात लाल शाईने वह्या तपासण्यात गेलेली. त्यांचं भाषांतर इतकं नेटकं, की दुरुस्तीला जागाच नसायची. पण ते व्हायचं कागदावर, पेन्सिलीने, आणि त्यांचा नातू टाइप करून द्यायचा. मी त्यांच्या घरी जाऊन दोन शनिवार शिकवलं. तिसऱ्या शनिवारी त्यांचा फोन. “मला कोल्हा कोण म्हणालं?” त्या लॉग-इन न करता नुसती लिंक उघडून बसल्या होत्या, आणि डॉक्स अशा पाहुण्यांना प्राण्यांची नावं देतं. यांच्या वाट्याला ‘अनॉनिमस जॅकल’ आला होता.

कोल्ह्याचा प्रश्न मिटला. खरी तक्रार निराळी होती. बाई वाक्य लिहिता लिहिता थांबायच्या, शब्द मनात घोळवायच्या, आणि तेवढ्यात पडद्यावर दुसऱ्या रंगाचा कर्सर येऊन त्यांचं अर्धं वाक्य पुरं करून जायचा. तो कर्सर बहुधा माझाच असे. मला वाटायचं, मी मदत करते आहे. त्या म्हणाल्या, “अहो, पोरगं गणित सोडवत असताना मी कधी त्याच्या वहीत उत्तर लिहिलं नाही.” तेव्हापासून नियम झाला : कागदाच्या तळाशी ‘झालं’ असं लिहिलेलं दिसेपर्यंत त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. बाई लिहायच्या, “झालं. आता या.” बैठकीची टिपणं, यादी, वेळापत्रक यांना चार जणांनी एकदम हात लावलेला चालतो, उलट बरंच असतं. वाक्याला नाही चालत. हे माझं मत अजून कायम आहे, आणि त्यावरून ऑफिसातल्या तरुण मुलांशी माझं आजही पटत नाही.

आता शब्दसूचीचं सांगते, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.

भाषांतराच्या ऑफिसात खरी मालमत्ता असते शब्दसूची. ‘गॅरंटर’ला या बँकेत जामीनदार म्हणायचं की हमीदार, ‘टॅब्लेट’ला गोळी की वटी, कुठल्या कंपनीला ‘ग्राहक’ चालतो आणि कुणाला ‘सभासद’च हवा. पाच वर्षं भांडून भांडून जमवलेले तीन हजारांवर शब्द. ती सूची २०१३ मध्ये एका मुलीने तिच्या स्वतःच्या जीमेलवरून उघडली आणि सगळ्यांना शेअर केली. आम्ही सगळे त्यात रोज भर घालायचो. ती लग्न करून पुण्याला गेली, नोकरी सुटली, सूची चालूच. २०१८ मध्ये एका सोमवारी लिंक उघडली तर फाईल अस्तित्वातच नाही. तिची पंधरा जीबी जागा भरली होती, बाळाचे फोटो मावेनात, म्हणून तिने ‘जुनं ऑफिस’ नावाचं फोल्डर काढून टाकलं आणि कचरापेटीही रिकामी केली. फोनवर ती बिचारी रडायलाच लागली.

माझ्या सासरी माणगावकडे थोडी जमीन आहे. सातबाऱ्यावर सामाईकात सतरा नावं. त्यातले सहा जण हयात नाहीत, चौघांनी ती जमीन पाहिलेली नाही. कसतात एक चुलत दीर आणि त्यांच्या शेताला जायची वाट जाते तिसऱ्याच्या बांधावरून. दर गणपतीत हा विषय निघतो आणि दर गणपतीत आरतीची वेळ झाली म्हणून थांबतो. अंगणात बसून हे ऐकताना मी मनात हसायचे, की काय ही कोकणी माणसं, कागद धड ठेवता येत नाहीत यांना. आणि इकडे चकाल्याला पाच वर्षं आम्ही एका माहेरवाशिणीच्या नावावरची जमीन कसत होतो. आमच्याकडे एडिटरचा हक्क होता, म्हणजे नांगरायचा. उतारा तिच्या नावावर. मालकाने जमीन विकली तर कुळाला निदान कायदा आहे, आम्हाला नव्हता.

सूचीचा साधारण दोन तृतीयांश भाग परत मिळाला तो बोरिवलीहून. बाईंनी आमच्या नकळत दर सहा महिन्यांनी तिची छापील प्रत काढून, भोकं पाडून, दोऱ्याने बांधून ठेवली होती. समासात पेन्सिलीच्या दुरुस्त्या, बहुतेक आमच्यापेक्षा बऱ्या. दोन मुलींनी महिनाभर बसून ती पुन्हा टाइप केली. या वेळी ऑफिसच्या नावाचं खातं उघडलं, आणि मालकी त्या खात्याकडे. बाईंनी प्रती काढणं थांबवलं नाही, आणि आम्हीही थांबवा म्हटलं नाही.

लॉकडाउनबद्दल फार लिहीत नाही. ते सगळ्यांचंच लिहून झालं आहे. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, लोकल थांबल्या. आमच्या फायली आधीच वर होत्या, त्यामुळे आठवडाभर आम्ही जरा ताठ्यातच होतो. मग लक्षात आलं, की फायली वर असल्या तरी माणसं वन-रूम-किचनमध्ये आहेत. घाटकोपरच्या मुलाकडे एक लॅपटॉप. सकाळी त्यावर बहिणीची शाळा, दुपारी भावाचं कॉलेज, आमचं काम रात्री अकरानंतर. मोठ्या डिझाइनच्या फायली वुईट्रान्स्फरने पाठवायचो, तर मे महिन्यात दूरसंचार विभागाने ते भारतात बंद केलं. १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या. आणि दुसऱ्याच दिवसापासून गुगल ड्राइव्हने कचरापेटीतल्या फायली तीस दिवसांनी आपोआप पुसायला सुरुवात केली. हसू नका, आमच्याकडे एक गृहस्थ होते, ते महत्त्वाच्या फायली कचरापेटीतच ठेवायचे. “तिथे कुणी हात लावत नाही,” म्हणायचे. वर्षानुवर्षं ते खरंही होतं.

आता ‘नये’ची गोष्ट. ही सांगायची की नाही यावर बराच विचार केला.

२०२२ चं साल. एका रुग्णालयाचं घरी जाणाऱ्या रुग्णांसाठीचं माहितीपत्रक. इंग्रजीत होतं, की ही गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. मराठीत घाईत झालं, ‘गोळी उपाशीपोटी घ्यावी.’ तपासणाऱ्या मुलीने ते पकडलं. समासात कॉमेंट टाकली : “मुळात नकार आहे. ‘घेऊ नये’ हवं.” काम चोख झालं होतं. पण पत्रक छापून आलं ते ‘घ्यावी’ असंच. पाच हजार प्रती. रुग्णालयातल्या एका सिस्टरने पहिलाच गठ्ठा सोडताना पाहिलं आणि सगळं थांबवलं, म्हणून एकही पत्रक कुणाच्या घरी गेलं नाही. नव्या छपाईचा खर्च आमच्या माथी.

मी तडक चौघांना कॉलवर घेतलं आणि पानं लावणाऱ्या मुलाला नाही नाही ते बोलले. डोळे आहेत की बटणं, तुझ्या घरच्यांना दिली असतीस का ही गोळी, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, मला कॉमेंट दिसलीच नाही. हिस्टरी बघा ना एकदा.” मी सगळ्यांसमोर उघडली. कॉमेंट गुरुवारी संध्याकाळी सात बारा वाजता ‘रिझॉल्व्ह’ झाली होती. माझ्या नावाने.

सात बारा म्हणजे मी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर होते, मेट्रोतून उतरून रेल्वेकडे जाणाऱ्या गर्दीत. तिथे पाय आपोआप चालतात, हात मोकळे असतात. फोनवर कॉमेंट वाचली, मनात म्हटलं, बरोबर आहे, आणि तिच्या शेजारच्या बरोबरच्या खुणेवर बोट ठेवलं. आमच्या पिढीला ती खूण म्हणजे बाईंनी वहीवर केलेली, ‘पाहिलं, बरोबर.’ त्या पडद्यावर तिचा अर्थ होता ‘काम मिटलं, आता कुणाला दाखवू नकोस.’ मुलाने फाईल उघडली तेव्हा समास स्वच्छ होता.

त्याच कॉलवर माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे मॅडम, होतं असं.” चार महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. कारण पगाराचं सांगितलं. मी ते खरं मानलं नाही, पण पुन्हा विचारायचं धाडसही केलं नाही.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. ज्याने दुरुस्ती प्रत्यक्ष केली त्यानेच खूण करायची, वाचणाऱ्याने नाही. आणि प्रत्येक कागदाच्या पहिल्या ओळीत एकच नाव : ‘ही फाईल अमुकची.’ त्या नावाच्या माणसाने हो म्हटल्याशिवाय छापायला काही जाणार नाही. मुलांना हे बावळटपणाचं वाटलं. ड्राइव्हमध्ये मालकाचं नाव दिसतंच की, म्हणाली. दिसतं, पण ते फाईल तयार करणाऱ्याचं नाव. बिघडल्यावर रात्री झोप कुणाची उडणार, हे ते सांगत नाही. कागद घेऊन मी बसने जायचे तेव्हा हा प्रश्न नव्हता. ज्याच्या हातात कागद, झोप त्याची. कागद एकदम नऊ जणांच्या हातात आला आणि प्रत्येकाला वाटलं, उरलेले आठ बघत असतील.

हिस्टरीचा आणखी एक उपयोग मालकांना सुचला होता. कोण किती वाजता काम सुरू करतं ते त्यातून काढायचं. मी विरोध केला. अर्धाच यशस्वी झाला; महिन्यातून एकदा ते बघायचेच.

मार्च २०२४ मध्ये मी निवृत्त झाले. जाताना माझ्या स्वतःच्या खात्यावर राहिलेल्या ऑफिसच्या फायली माझ्या जागी आलेल्या मुलीच्या नावे करायच्या होत्या. साध्या जीमेलवर नुसती मालकी देऊन भागत नाही, समोरच्याने ती स्वीकारावी लागते. मी दोन दिवस बसून एकेक फाईल पाठवली. आठवडा झाला तरी निम्म्या तशाच पडून. फोन केला. म्हणाली, “ताई, उघडून वाचल्याशिवाय नाही घेणार मी. काही फायलींत काय आहे ते कळतच नाहीये.”

सदतीस फायली अजून माझ्याच नावावर आहेत.